नानांना धबधबा दाखवताना

जुन्या पिशव्या घरात कशा जमतात ते कुणालाच ठाऊक नसतं. आपण मुद्दाम साठवत नाही, फक्त टाकायला हात होत नाही. मग एके दिवशी कपाट उघडलं की सगळ्या अंगावर येतात. आमच्या ग्रुपच्या किश्शांचं तसंच झालंय. स्टाफरूममध्ये एक सांगायला घेतला की त्याला धरून दुसरा बाहेर पडतो आणि बाकीच्या शिक्षिका डबे उघडे टाकून हसत बसतात. त्यांचं काय जातंय? मी ते सगळं भोगलेलं आहे, तेही रविवारी पहाटे उठून.

मी जळगावच्या एका शाळेत खेळ शिकवते. कबड्डी, खो-खो, लांब उडी, आणि पावसाळ्यात वर्गात बसून बुद्धिबळ. सकाळी मेहरुण तलावाला फेरी मारायची माझी जुनी सवय. तिथेच हे तिघं भेटले. डाळ मिलवाले अशोकभाऊ, ज्यांना डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलंय. पोस्टातून रिटायर झालेल्या मालतीअक्का, ज्यांचे नातेवाईक जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात आहेत. आणि नाना.

नाना म्हणजे एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. मूळचे धुळे तालुक्यातले, त्यामुळे घरची अहिराणी अजून तोंडात. एकदा चालता चालता मी सहज म्हटलं, "नाना, तुमची मजा आहे. मनुदेवी, पाटणादेवी, उनपदेव, लळिंग... अख्खा मुलूख पाहून झाला असेल."

"बठ्ठं देखं मॅडम," नाना म्हणाले, "पन स्टँडवरतून."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. "पॅसेंजर उतारात, गाडी फिराई, चहा पिधा, का निंघनू माघारी. लोके धबधबा देखीसन वल्ला हुईसन येतस, मी गाडीनी सीटं वल्ली व्हई म्हनीसन काळजी करस." जरा थांबून म्हणाले, "माले एक धबधबा देखना शे. बस. एकच."

मला तर फार वाईट वाटलं. इतकी वर्षं माणसांना धबधब्यापाशी नेऊन सोडलं आणि स्वतः एकही पाहिला नाही! त्याच सकाळी तलावाच्या कठड्यावर बसून ठरलं की रविवारी बाहेर पडायचं, व्यायामही करायचा, आणि नानांना एक धबधबा दाखवायचा. केवढंसं काम. आपल्याकडे सातपुडा आहे, पाऊस बऱ्यापैकी पडतो, अशोकभाऊंकडे मोठी गाडी आहे.

मी तेव्हा या माणसांना नीट ओळखत नव्हते.

*

पहिली मोहीम सायकलची. धबधब्याआधी जरा दम वाढवावा, असं खेळाच्या बाईंचं म्हणजे माझं मत. तापीच्या पुलापर्यंत जायचं, नदी बघायची आणि परत यायचं. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना केळी. मी फोनवर व्यायामाचं ॲप सुरू केलं, शिट्टी वाजवली आणि निघालो.

अर्ध्या वाटेत अक्कांनी हात दाखवून सायकल थांबवली. "इथं माह्या भाचीचं सासर हाये. दारावरून गेलं आन् घरात नाही गेलं तं ती वर्षभर बोलनार नाही."

"अक्का, पाच मिनिटं," मी बजावलं.

"हो ना बाप्पा. पानी पिऊ आन् निघू."

पाणी आलं. पाण्यामागून चहा आला. चहा कपात असतानाच भाचीच्या सासूने कणीक भिजवली. मी उठले की कुणीतरी "बसा ना मॅडम" म्हणून हाताला धरून बसवायचं. मग भाचीचे दीर शेतातून आले, त्यांच्यासाठी पुन्हा चहा झाला आणि तो आम्हालाही घ्यावा लागला. शेजारची बाई आली, ती निघाली अक्कांच्या पोस्टातल्या मैत्रिणीची नणंद. मग तिच्याही घरी जाणं आलं. जेवण झालं. उन्हं चढली.

निघताना दिराने चारही सायकलींच्या कॅरियरवर केळीचा एकेक घड बांधला. घड म्हणजे डझन नव्हे, अख्खा घड, झाडावरून उतरवलेला. माझी सायकल स्टँडवरच मागे झुकली. चालवायचा प्रश्नच नव्हता. शेवटी त्यांच्याच टेम्पोत सायकली, केळी आणि आम्ही, असे सगळे जळगावला आलो. तापी राहिली तिकडेच.

"अक्का, नाही म्हणायचं ना!" मी टेम्पोत चिडून म्हटलं.

"रिकाम्या हाती कसं पाठवतीन तें?" अक्कांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

घरी आल्यावर ॲप बंद करायला फोन काढला. त्याच्यावर सकाळपासून एकच प्रश्न येऊन पडला होता, 'आपण अजून व्यायाम करत आहात का?'

*

मग लळिंग. धुळ्याहून महामार्गाने निघालं की डोंगरावर किल्ला दिसतो, तो. नानांनी तो काचेतून इतक्यांदा पाहिलाय की त्यांना त्याचा आकार डोळे मिटून काढता येईल, पण वर पाय ठेवलेला नाही. हिवाळा होता, त्यामुळे धबधबा नाही तर किल्ला तरी, असा माझा हिशेब. सकाळच्या गारव्यात चढायचं, वर नाश्ता करायचा, ऊन व्हायच्या आत उतरायचं.

नाश्ता अशोकभाऊंकडे होता. ही माझी चूक, पण ती मला पायथ्याला कळली. भाऊंनी गाडीची डिकी उघडली. आत भरताची वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची बाटली, आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा हा एवढा भारा!

"भाऊ, हे वर कसं न्यायचं?"

"वर कशाला? इथं नानांच्या पुतण्याचं शेत आहे. भाजून घेऊ, भरीत करू, डब्यात घालू आणि जाऊ वर. अर्ध्या तासाचं काम."

खान्देशातल्या कुणाही माणसाला विचारा, भरीत अर्ध्या तासात होतं का? आधी काड्या पेटवण्यावरून मतभेद. मग वांगी किती काळी पडू द्यायची यावरून. नानांचं म्हणणं, साल आपोआप सुटली पाहिजे. भाऊंचं म्हणणं, तेवढं थांबलं तर धुराचा वास जातो. मग ते ठेचायला पुतण्या घरून मोठं लाकडी भांडं घेऊन आला आणि त्याच्यासोबत त्याच्या घरचे सगळे आले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी कुणी टाकायला घेतल्या ते मला दिसलंही नाही. मी बुटांच्या नाड्या घट्ट बांधून बांधावर बसले होते आणि दर थोड्या वेळाने किल्ल्याकडे बोट दाखवत होते.

भरीत अप्रतिम झालं होतं. खोटं कशाला बोलू, मीच तीनदा घेतलं. त्यानंतर चढायचा विषय मी पुन्हा काढला तेव्हा भाऊ झाडाखाली आडवे झाले होते. त्यांनी एक डोळा उघडून डोंगराकडे पाहिलं.

"किल्ला काही कुठं जात नाही मॅडम. भरीत गार होत होतं."

*

उनपदेवचं मात्र मी कुणावर ढकलू शकत नाही, कारण तिथे आम्ही पोचलो. वेळेवर पोचलो. कुणाचं सासर लागलं नाही, काही भाजलं नाही.

फक्त तो महिना मे होता. मला सुट्टी मेमध्येच असते आणि भाऊंच्या मिललाही तेव्हाच जरा उसंत. मेमधला खान्देश ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतं, दुपारी कुत्रीसुद्धा नळाखालून हलत नाहीत. आणि अशा दिवशी आम्ही चौघं शहाणी माणसं कुठे गेलो, तर गरम पाण्याच्या झऱ्यावर!

गाडीतून उतरून कुंडापाशी उभं राहिल्यावरच हे सगळ्यांच्या लक्षात आलं. आता आलोच आहोत तर, म्हणून अक्कांनी पाय सोडले. बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या, चेहरा अगदी शांत.

"अक्का, भाजतंय का?" मी विचारलं.

"नाही वं माय. बाहेरपेक्षा आतमधीच गार लागून राह्यलं."

नानांनी बोटं बुडवून पाहिली आणि पँटला पुसली. म्हणाले, "हाई पानी मी तीस साल रेडिएटर मा टाकेल शे." आणि सावलीला जाऊन बसले. धबधब्याचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही.

*

जळगावात हिवाळ्यात धावण्याची एक शर्यत असते. लहान अंतराच्या गटात आम्ही नानांचं नाव दिलं. नानांना मी महिनाभर तयार केलं. वयाच्या मानाने त्यांचा श्वास चांगला आहे आणि एकदा एक लय धरली की ते सोडत नाहीत. मला खरोखर वाटत होतं की हा माणूस ज्येष्ठांच्या गटात पदक घेईल.

सुरुवात छान झाली. मी बाजूने सायकलवर होते. पहिल्याच वळणावर नानांनी उजवा हात बाहेर काढून इशारा दिला. मागचा पळणारा गोंधळून थांबला. पुढे एक बाई हळू पळत होती, तिला उजवीकडून ओलांडायला जागा नव्हती, म्हणून नाना तिच्या मागेच राहिले. डावीकडून मैदानाएवढी जागा मोकळी होती.

"नाना, डावीकडून काढा!" मी ओरडले.

"डावीकडतून?" नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना काहीतरी लाज वाटेल असं करायला सांगत होते.

तरीही ते पुढे होते. शेवटचा टप्पा आला, समोर कमान दिसत होती, आणि नाना थांबले. मागे वळून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या वयाचे दोघं त्यांना ओलांडून गेले. मी सायकल टाकून धावत गेले. "काय झालं? दुखतंय का कुठं?"

"नही नही. मांगे एक जन ऱ्हाई गया."

लांबून एक जाड गृहस्थ लंगडत येत होते. ना ओळख ना पाळख. ते पोचेपर्यंत नाना उभे राहिले, मग त्यांच्या बरोबरीने चालत कमानीखालून गेले. सगळ्यात शेवटी. पदक गेलंच, पण मला जो संताप आला तो वेगळाच. मी बरंच बोलले. ते ऐकून घेऊन नाना म्हणाले, "शेवटला पॅसेंजर लिधाबिगर गाडी कशी निंघी, मॅडम?"

*

पुढच्या पावसाळ्यात मी ठरवलं की आता पाटणादेवी. चाळीसगावच्या पुढे डोंगर, जंगल आणि आत धबधबे. पावसाळा म्हणजे चार महिने, त्यात एक रविवार काढायचा. अवघड काय आहे?

अवघड अक्का होत्या. आषाढात त्यांच्या बहिणीकडे कार्य निघालं. श्रावणात रविवारनंतर सोमवार येतो आणि सोमवारच्या उपासाची तयारी रविवारी असते. मग गौरी-गणपती. मग पितृपक्ष, त्यात त्या देवदर्शनाच्या निमित्ताने फिरायला तयार नाहीत. नवरात्रात घट. मग दिवाळीची साफसफाई, मग दिवाळी, मग माहेरपणाला आलेल्या मुली. अक्कांना सोडून जावं, तर नाना म्हणायचे बठ्ठा जाऊत नही तर कोनी नही.

आम्ही नाताळच्या सुट्टीत गेलो.

जंगल सुरेख होतं. वाटेवर पानं पडलेली, पक्षी ओरडत होते, हवा गार. नाना सगळ्यांच्या पुढे, नवीन कॅनव्हासचे बूट घालून. पिशवीत त्यांनी टॉवेल आणि कपड्यांचा जोडही घेतला होता. भिजायची तयारी.

शेवटच्या वळणानंतर आम्ही एका उंच काळ्या कड्यासमोर उभे राहिलो. वरून खालपर्यंत शेवाळाचा वाळलेला पट्टा होता. खाली एक डबकं, त्यात पानं. पाण्याचा थेंब नाही.

मला रडू यायचं बाकी होतं. नानांच्या हातात ती टॉवेलची पिशवी तशीच होती. ते कड्याच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत नजर फिरवत राहिले. मग म्हणाले, "थांबा बराबर शे मॅडम. गाडी निंघी गयी."

*

अशोकभाऊंचं आणखी एक सांगते, म्हणजे मनुदेवी पहिल्यांदा कशी हुकली ते कळेल. सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात यात्रा होती आणि यात्रेत कुस्त्यांची दंगल. भाऊंना पाहुणे म्हणून बोलावणं होतं. बेत असा की भाऊंनी एक कुस्ती लावून द्यायची आणि लगेच तिथूनच मनुदेवीला जायचं. धबधबा जवळच, वळवाचे दोन चांगले पाऊस होऊन गेलेले, थोडं पाणी असेल अशी आशा होती.

कुस्ती लावायची म्हणजे काय, तर पाहुण्याने आखाड्यात उतरायचं, दोन्ही पैलवानांचे हात हातात घेऊन एकमेकांना भिडवायचे आणि बाजूला व्हायचं. बस. पण भाऊ फेटा बांधून उतरले, दोघांचे हात धरले आणि विचारायला लागले, "कुठला रे तू?" एक निघाला भाऊंच्या बहिणीच्या गावचा. दुसरा, ज्यांची तूर भाऊंच्या मिलला येते त्यांचा नातू. भाऊंनी हात सोडलेच नाहीत. हलगी वाजून वाजून थकली. लोक ओरडायला लागले. दोघं पैलवान अंगाला माती लावून शाळेच्या मुलांसारखे भाऊंचे हात धरून उभे.

शेवटी भाऊंनी माइक मागून घेतला आणि जाहीर केलं, "ही कुस्ती बरोबरीत सोडवण्यात येत आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आयुष्यभर मुलांना हरायला आणि जिंकायला शिकवते! पंच धावत आले. "भाऊ, अजून लागलीच नाही कुस्ती."

"लागली तर कोणीतरी पडेल ना," भाऊ म्हणाले.

मग त्यांना समजावून आखाड्याबाहेर आणणं, कुस्ती पुन्हा लावणं, पडलेल्या पैलवानाच्या आजोबांकडे भाऊंनी स्वतः जाऊन बसणं, तिथला चहा, यात दिवस गेला. मनुदेवीचा डोंगर समोर दिसत होता. नाना गाडीचं तोंड तिकडे करून वाट पाहत बसले होते.

*

यंदा आषाढात नाना फिरायला आले ते गप्प गप्प. दुसऱ्या फेरीला म्हणाले, पोराने सुरतला फ्लॅट घेतलाय, गणपतीनंतर तो न्यायला येतोय. आता तिकडेच. "सुरत मा तापी शे म्हनतस," एवढंच म्हणाले, स्वतःची समजूत काढल्यासारखं.

त्या दिवशी मी तिघांनाही कठड्यावर बसवलं आणि शाळेतल्या आवाजात बोलले. श्रावणातला पहिला रविवार, मनुदेवी. वाटेत कुणाचंही सासर, माहेर, आजोळ असलं तरी गाडी थांबणार नाही. खायला फक्त शेंगदाणे. अक्का, उपासाची तयारी शनिवारी उरकायची. भाऊ, तुम्ही कुणाशी ओळख काढायची नाही. तिघांनीही माना डोलावल्या.

आणि तिघंही शब्दाला जागले, हे मला कबूल केलंच पाहिजे. यावलच्या पुढे एका घराच्या ओट्यावरून एक बाई अक्कांना पाहून उठून उभी राहिली, हात हलवायला लागली. अक्कांनी मान खाली घातली आणि गाडी पुढे जाईपर्यंत वर काढली नाही. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. भाऊंनी एका हॉटेलातून येणारा शेवभाजीचा वास सोसला. पाऊस रात्रभर पडून थांबला होता. सातपुडा हिरवागार. जंगलातला रस्ता संपला तसा आवाज यायला लागला, आणि वळण घेतल्यावर लांब कड्यावरून पडणारी पांढरी धार झाडांच्या शेंड्यांवर आम्हाला जराशी दिसली; स्टिअरिंगवरच्या नानांचे डोळे रस्त्यावर होते. भाऊंनी नानांच्या पाठीवर थाप मारली. मला इतका आनंद झाला की मीच टाळ्या वाजवल्या. आता देवळाच्या बाजूने थोडं चालत गेलं की झालं.

गर्दी होती. गाड्या लावायच्या जागेत चिखल, मोटारसायकली वेड्यावाकड्या उभ्या. नानांनी आमची गाडी बाहेर तोंड करून लावली. आम्ही निघालो. मी पुढे, माझ्यामागे अक्का आणि भाऊ. झाडीत शिरल्यावर मी वळून पाहिलं, तर नाना नाहीत.

मी परत आले. पारोळ्याकडच्या बायकांना घेऊन आलेली एक खासगी बस तिथे वळत होती आणि नाना तिच्या मागे, धबधब्याकडे पाठ करून, हात हलवत होते. "येऊ दे... येऊ दे... डावं घे... बस." पुढचा जीपवाला निघायचं म्हणून हॉर्न वाजवत होता. बस पुन्हा पुढे घ्यावी लागली, पुन्हा मागे.

"नाना, चला!"

"उनू, मॅडम."

बायका उतरून पळत धबधब्याकडे गेल्या. बसचा ड्रायव्हर खाली उतरला, नानांना तंबाखू देऊ लागला. पन्नाशीचा माणूस, खाकी शर्ट, खांद्यावर रुमाल. त्याने बोनेटला पाठ टेकली आणि तिथेच उभा राहिला.

"तू नही जाई राह्यना?" नानांनी विचारलं.

"गाडी हलाडनी पडस ना, दादा. कोनी उनं का."

"कितला येळ उना आठे?"

"दर साल येस."

"देखा का कधी?"

तो हसला, आणि हसण्यातच नाही अशी मान हलवली. मला पुढचं दिसायला लागलं. मी घाईघाईने म्हटलं, "नाना, भाऊ आणि अक्का पुढं थांबलेत, चला लवकर, पुन्हा पाऊस येतोय."

नानांनी हात पुढे केला. "किल्ली दे. जाय, देखी ये. मी शे ना आठे."

"नाना!" मी म्हटलं. "नाना, अहो सुरतला जाणार तुम्ही. कशासाठी आलोय आपण? मी थांबते इथं, तुम्ही जा."

"तुमले बस हलाडता येस का, मॅडम?"

ड्रायव्हर नको नको म्हणत होता, पण नाना तोवर बसमध्ये चढून बसले होते. तो रुमाल डोक्याला गुंडाळून निघाला, आधी हळू, मग झाडी आली तशी पळतच. मी बसच्या दारात उभी राहून नानांना बोलत राहिले. मूर्ख म्हणाले, हट्टी म्हणाले, इतक्या रविवारांचा हिशेब मागितला. त्यांनी एकदा जीपला वाट देण्यासाठी बस पुढे घेतली, एकदा टेम्पोसाठी मागे. मध्ये पावसाची मोठी सर आली. आरशात फक्त झाडं आणि धुकं दिसत होतं.

मग वनखात्याच्या माणसाची शिट्टी ऐकू आली. वर डोंगरात जोरात पाऊस झाला होता, पाणी वाढत होतं, त्याने सगळ्यांना खाली आणायला सुरुवात केली होती. बायका आल्या, मुलं आली, मागून अक्का आणि भाऊ आले, नखशिखांत भिजलेले. भाऊ तर बोलायच्या पलीकडे गेले होते, नुसते हाताने एवढा, एवढा असं दाखवत होते. त्यांनी नानांना बसमध्ये पाहिलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. मी त्या शिट्टीवाल्याला गाठलं, एकाच म्हाताऱ्या माणसाला दोन मिनिटं जाऊ द्या म्हटलं. तो म्हणाला, ताई, आता कुणालाच नाही.

सगळ्यांच्या शेवटी तो ड्रायव्हर आला. शर्ट अंगाला चिकटलेला, रुमाल हातात पिळलेला. नाना बसमधून उतरले, त्याच्या हातात किल्ली दिली.

"कसा शे?"

ड्रायव्हरने वळून झाडांच्या शेंड्यांवर पाहिलं. मग म्हणाला, "दादा, मोठा शे."

नानांनी मान हलवली. पँटवरचा चिखल झटकला आणि आमच्याकडे वळले.

"चला मॅडम. देखाई गया धबधबा."